एकाच घरातले दोन भाऊ: साथ एक, धोका वेगवेगळा का?

२०२५ च्या मे महिन्यात टीव्हीवर कोरोनाचे आकडे पुन्हा दिसायला लागले, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी गिरणीतून दळण घेऊन येत होतो. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी हाक मारून थांबवलं. बीड जिल्ह्यातलं आमचं गाव. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडे येतातच. पण त्यांना नव्या आकड्यांबद्दल काही विचारायचं नव्हतं.

"सर, चार वर्षं झाली. मी आन् थोरले भाऊ एका वाड्यात राहायचो, एका चुलीवरचं खायचो. एकाच आठवड्यात दोघांलाही ताप आला. मी सहाव्या दिवशी उठून रानात गेलो. ते तेराव्या दिवशी गेले. रोग एकच ना? मग असं कसं?"

ओसरीवर बसलेल्या त्यांच्या आई हळूच म्हणाल्या, "नशीब, दुसरं काय." त्यांनाही तेव्हा ताप येऊन गेला होता. वय पंचाहत्तरीच्या पुढं, आणि त्या बऱ्या झाल्या होत्या.

त्या दिवशी उभ्या उभ्या मी जे सांगितलं ते अर्धवट होतं. मराठवाड्यात असे दोन भाऊ, अशा दोन जावा, असे दोन शेजारी घरोघरी आहेत. म्हणून आज नीट, पायरी पायरीने सांगायचा प्रयत्न करतो.

जोखीम म्हणजे काय? शंभर दाण्यांचं गणित

पेरणीआधी घरच्या सोयाबीनची उगवण आपण तपासतो. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, आठवडाभराने उघडून कोंब आलेले मोजायचे. सत्तर निघाले तर बियाणं पेरायला चालतं. कोणते सत्तर उगवतील हे आधी कुणीच सांगू शकत नाही. पण सत्तरच्या आसपास उगवतील हे सांगता येतं. बियाणं पावसात भिजलेलं असेल किंवा मळणीयंत्रात मार लागलेलं असेल, तर सत्तरचे पन्नास होतील हेही सांगता येतं.

जोखीम हा शब्द असाच वाचायचा. 'मधुमेह्यांना धोका जास्त' म्हणजे प्रत्येक मधुमेही दगावतो असं नाही आणि बाकीचे सगळे वाचतात असंही नाही. शंभर-शंभर जणांचे दोन गट घेतले, तर एका गटात जास्त जण गंभीर होतात, एवढाच त्याचा अर्थ. वयाचंच पाहा. लस येण्यापूर्वी श्रीमंत देशांत कोरोनाची लागण झालेल्या पंचविशीतल्या दहा हजार तरुणांमागे साधारण एक दगावत होता. पंचावन्नच्या आसपास हजारामागे चार, आणि पंचाहत्तरीत शंभरामागे चार-पाच. फरक केवढा मोठा आहे बघा. तरीही पंचाहत्तरीतले शंभरातले पंच्याण्णव वाचतच होते, आणि गल्लीतल्या त्या आई त्या पंच्याण्णवांतल्या.

तेव्हा नशिबाचा वाटा आहेच. आई अगदीच चुकीचं बोलल्या नव्हत्या. पण बियाणं भिजू द्यायचं की नाही, हे नशिबावर सोडून आपण पेरणी करत नाही.

दुष्काळ समजतो त्याला साथ समजते

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. पाऊस सगळ्यांवर सारखाच रुसला होता. पण एकाच शिवारात एकाचं घर टिकलं आणि एकाने जनावरं बाजारात नेली. असं का झालं, ते इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. तो तीन गोष्टी सांगेल. नेमका किती पाऊस हुकला? जमिनीत ओल धरायची ताकद किती होती, भारी काळं रान होतं की मुरमाड? आणि अडचणीत हात द्यायला कोण होतं: विहीर, बँक, मेहुणा, की फक्त सावकार?

साथीतही हेच तीन प्रश्न आहेत. विषाणू तुमच्यापर्यंत किती आणि किती वेळा पोचतो? पोचल्यावर शरीराची तग धरायची ताकद किती? आणि तब्येत ढासळायला लागली तर उपचार वेळेत मिळतात का?

या तिन्हींचा गुणाकार होतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. समजा, एखाद्याला लागण होण्याची शक्यता दुप्पट, लागण झाल्यावर गंभीर होण्याची तिप्पट आणि दवाखाना उशिरा गाठल्यामुळे मरण्याची दुप्पट. त्याचा धोका सात पट होत नाही, बारा पट होतो. दुर्दैव असं, की हे तिन्ही आकडे बहुतेक वेळा त्याच त्या माणसांच्या वाट्याला येतात. साथ, जुने आजार आणि हलाखी एकमेकांना असं खतपाणी घालतात, त्याला मेरिल सिंगर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने 'सिंडेमिक' असा शब्द १९९० च्या दशकात रुळवला. आपण त्याला जोडसंकट म्हणू.

आधी हवा: मिरचीची फोडणी

कोरोना, फ्लू यांसारखे श्वसनाचे आजार मुख्यतः हवेतून पसरतात. बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही तोंडातून बारीक थेंब बाहेर पडतात. मोठे थेंब खाली पडतात. अगदी बारीक असतात ते धुरासारखे तरंगत राहतात.

घरात लाल मिरचीची फोडणी बसते तेव्हा काय होतं ते आठवा. चुलीजवळची बाई आधी खोकते, मग मधल्या खोलीतली पोरं, मग ओसरीवरचे आजोबा. दार-खिडकी समोरासमोर उघडी असेल तर ठसका दोन मिनिटांत ओसरतो. एकच दार आणि तेही लावलेलं असेल, तर अर्धा तास डोळे चुरचुरतात. आणि उघड्या रानात तीन दगडांवर तीच फोडणी दिली तर दहा हातांवरच्या माणसाला पत्ताही लागत नाही. विषाणू दिसत नाही, वासही येत नाही, पण वागतो तो असाच. म्हणून हवा किती खेळती आहे, खोलीत माणसं किती आहेत आणि किती वेळ आहेत, या तीन गोष्टींवर लागणीची शक्यता ठरते.

थोरले भाऊ किराणा दुकान चालवायचे. दहा बाय बाराची खोली, मागे खिडकी नाही, दिवसभर गिऱ्हाईक. धाकटे रानात. दोघांची गाठ पडायची ती रात्री जेवताना. घर एक होतं, पण दिवसाची हवा वेगळी होती.

२०२० च्या १५ सप्टेंबरला राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. आम्हा शिक्षकांनाही सर्वेक्षणाला जोडलं होतं. आशाताईंबरोबर मी ताप मोजायचं यंत्र आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरलो. रुग्णाला वेगळी खोली, वेगळं शौचालय द्या, असं आम्ही सांगत होतो. सांगता सांगता माझीच जीभ अडखळायची. समोर पत्र्याची एक खोली, तिच्यात सहा माणसं, कोपऱ्यात चूल. वेगळं कुठं राहायचं? 'हात वारंवार धुवा' म्हणायचं, आणि दारात आठ दिवसांनी येणाऱ्या नळाची भरून ठेवलेली टिपाडं. हापशावर गर्दी करू नका म्हणायचं, तर पाणीच तिथं. तो सल्ला चुकीचा नव्हता. ज्यांच्या घरी तो पाळता येण्यासारखा होता त्यांना त्याचा फायदा झालाच. बाकीच्यांना त्यातून फक्त एवढंच कळलं की आपलं काहीतरी चुकतंय.

ऊसतोड कामगारांची गोष्ट यापुढची. आमच्याकडून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे जोडप्याजोडप्याने, ज्याला आम्ही एक कोयता म्हणतो, लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. राहायला कोपी: बांबू, पाचट आणि प्लास्टिकची, वाकून आत शिरावं लागणारी. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ही माणसं तिकडेच होती. 'घरीच थांबा' असं देशाला सांगितलं जात होतं, आणि यांचं घर शेकडो किलोमीटरवर होतं. एप्रिलच्या उत्तरार्धात त्यांना परत यायची वाट मिळाली.

८ मे २०२० च्या पहाटे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडलं. जालन्यातल्या पोलाद कारखान्यात काम करणारी ती माणसं मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे पायी निघाली होती. त्यांना विषाणूने मारलं नाही. पण साथ नसती तर ती रुळांवर झोपली नसती. साथीचे बळी मोजताना ही १६ माणसं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

"विषाणूला गरीब-श्रीमंत कुठं कळतं?"

हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. विषाणूला काहीच कळत नाही हे खरं, पण घराच्या भिंती, ताटातलं अन्न आणि कामाची जागा त्याला वाट करून देतात.

१९१८ चा फ्लू पाहा. त्या साथीत भारतात सव्वा ते दोन कोटी माणसं गेली असा अंदाज आहे. मुंबई शहरातली नोंद जातवार आणि समाजवार ठेवलेली होती. खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या हिंदूंमध्ये दर हजारी सुमारे ६१ मृत्यू, इतर हिंदूंमध्ये १९ च्या आसपास, पारशांमध्ये ९ आणि युरोपियनांमध्ये ८. तेव्हा लस नव्हती, प्रतिजैविकं नव्हती, ऑक्सिजनची सोय नव्हती. डॉक्टरकडे खास असं काहीच नव्हतं. मग सात पटींचा फरक आला कुठून? कोंदट खोल्या, उपाशी पोटं, आणि आजारी माणसाला पाणी द्यायलाही घरात कुणी उभं नाही, यातून. त्याच वर्षी पावसानेही दगा दिला होता आणि धान्य महागलं होतं. जोडसंकट म्हणतात ते हेच.

शंभर वर्षांनी, जुलै २०२० मध्ये, मुंबईतल्या तीन विभागांत रक्ततपासणी करून कुणाला लागण होऊन गेली ते पाहिलं गेलं. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के, इमारतींत १६ टक्के. मात्र झोपडपट्ट्यांत लागणीच्या मानाने मृत्यू कमी दिसले, कारण तिथली वस्ती तरुण आहे. लागण आणि मरण ही दोन वेगळी गणितं आहेत. म्हणून आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

शरीरातली ओल

वयाचं सांगून झालं. वयाच्या जोडीला येतात ते आधीपासून अंगात असलेले आजार. त्यांना डॉक्टर 'सहव्याधी' म्हणतात: मधुमेह, रक्तदाब, हृदयाचे, मूत्रपिंडाचे, फुप्फुसाचे विकार, लठ्ठपणा. यांतल्या मधुमेहावर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण आपल्या भागात घात झाला तो बराचसा इथं.

रक्तात साखर सतत वाढलेली राहिली की दोन गोष्टी होतात. जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. आणि रक्तवाहिन्यांची आतली बाजू आधीच सुजलेली, चिडलेली राहते. कोरोनाचा हल्ला नेमका फुप्फुसावर आणि रक्तवाहिन्यांवर. भरीला संसर्गाच्या ताणानेच साखर आणखी वाढते. त्यावर सूज दाबणारं स्टेरॉइड दिलं की ती आभाळाला भिडते.

स्टेरॉइड वाईट औषध आहे असं नाही. ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीत जून २०२० मध्ये दिसलं की डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी होतात. पण ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना त्याचा काही फायदा झाला नाही. आणि २०२१ च्या उन्हाळ्यात खेडोपाडी पहिल्या तापाच्या दिवसापासून ते दिलं-घेतलं जात होतं.

मग आली काळी बुरशी, म्युकरमायकोसिस. ही बुरशी कुठून बाहेरून आली नव्हती. ती मातीत, शेणखतात, सडलेल्या पाचोळ्यात कायम असते, आपण रोज तिचे कण श्वासातून घेतो आणि निरोगी शरीर ते निपटून काढतं. साखर बेसुमार वाढली आणि प्रतिकार दबला, की तिला मोकळं रान मिळतं. जून २०२१ च्या अखेरीस देशात ४० हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले होते. त्यांतले साधारण ६४ टक्के मधुमेही होते. कित्येकांचा डोळा काढावा लागला, जबडा काढावा लागला.

थोरल्या भावांना दवाखान्यात दाखल केलं तेव्हा त्यांची साखर तीनशेच्या वर निघाली. त्याआधी ती कधी तपासलेलीच नव्हती. 'आमच्यात कुणाला शुगर नाही' असं घरातले सांगत होते. खरी गोष्ट अशी होती की कुणी पाहिलंच नव्हतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत आणि १३ कोटींहून जास्त माणसं त्याच्या उंबरठ्यावर.

बारीक माणसाला साखर कशी?

ही शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर पुण्यात सापडलं. के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा १९९० च्या दशकापासून पाठपुरावा केला. ही बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने पुष्कळ कमी. हाडं बारीक, स्नायू कमी. पण चरबी त्या मानाने टिकून. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार. आईच्या पोटात उपासमार सोसलेलं शरीर काटकसर शिकतं, आणि पुढं आयुष्यात जेवण वाढलं, हालचाल कमी झाली, की त्याच शरीराला साखर पेलवत नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये अन्नाचा तुटवडा पडला होता. तेव्हा पोटात असलेल्या मुलांमध्येही मोठेपणी साखरेची तक्रार जास्त दिसली.

आता आपल्याकडे बघा. १९७२ च्या दुष्काळात आया सुकडी आणि लाल मिलो ज्वारी खाऊन दुष्काळी कामांवर खडी फोडत होत्या. तेव्हा पोटात असलेली मुलं २०२१ साली अठ्ठेचाळीस-एकोणपन्नासची होती. साथीतली जोखीम साथ येण्याआधी किती वर्षं तयार होत असते, याचा विचार यावरून करावा.

बायांचं रक्त आणि ऑक्सिमीटरचा आकडा

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. उसाच्या फडातून कारखान्याकडे ट्रॉल्या जातात तसं समजा. ऑक्सिमीटर एवढंच सांगतो की जेवढ्या ट्रॉल्या आहेत त्यांतल्या किती टक्के भरलेल्या आहेत. ट्रॉल्या मुळात किती आहेत हे तो सांगत नाही. ज्या बाईचं हिमोग्लोबिन सात आहे तिचाही आकडा ९७ येऊ शकतो. सगळ्या ट्रॉल्या भरलेल्या, पण ट्रॉल्याच निम्म्या. फुप्फुसाला सूज आली की अशा शरीराकडे शिल्लक काही राहत नाही.

भारतात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. सर्वेक्षणाला फिरताना मी दाराशी उभ्या बाईच्या बोटाला यंत्र लावून "९७, काही काळजी नाही ताई" असं किती वेळा म्हणालो असेन. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. आता ते आठवलं की वाईट वाटतं. त्याच बाईच्या फुप्फुसात वर्षानुवर्षांचा चुलीचा धूर, आणि घरात आजारी पडणाऱ्या प्रत्येकाची उशापायथ्याची सेवा तिच्याकडेच. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला प्लेगने गेल्या, त्या रुग्णांची सेवा करतानाच. सेवा करणाऱ्याला विषाणू सगळ्यात जवळून आणि सगळ्यात जास्त वेळ भेटतो.

"आमची माणसं काटक आहेत, त्यांना काय होतंय?"

२०२० मध्ये हे खरं वाटलं. खेड्यात कोरोना फारसा शिरला नाही. त्याला कारणंही होती: उघड्यावरचं काम, विरळ वस्ती, कमी येणंजाणं. रोजच्या कष्टाने हृदय आणि फुप्फुसं चांगली राहतात हेही खरं. पण २०२१ मध्ये डेल्टा हा कोरोनाचा नवा प्रकार आला तेव्हा तो लग्नांतून, आठवडी बाजारांतून, मोंढ्यातून वाडी-तांड्यापर्यंत गेला, आणि काटकपणा पुरला नाही. काटक दिसणाऱ्या शरीरात न तपासलेली साखर होती, रक्तदाब होता, कमी रक्त होतं, तंबाखू-मिश्री होती. विकसनशील देशांतले आकडे एकत्र करून पाहिल्यावर असं दिसलं की त्याच वयाच्या माणसाला मृत्यूचा धोका श्रीमंत देशांतल्यापेक्षा साधारण दुप्पट होता.

खेड्यांतले कितीतरी मृत्यू घरीच झाले, चाचणीशिवाय. २०२१ अखेरपर्यंत देशाचा अधिकृत आकडा ४ लाख ८० हजारांच्या आसपास होता. जागतिक आरोग्य संघटनेने साथीच्या काळातल्या जादा मृत्यूंचा अंदाज केला तो ४७ लाखांचा. भारत सरकारने ती मोजणीची पद्धत अमान्य केली. वाद काहीही असो, आपल्या गावातल्या त्या एप्रिल-मेमधल्या तिरड्या ज्याने मोजल्या आहेत त्याला 'काटक' हा शब्द तेव्हापासून सहज उच्चारता येत नाही.

अंगावर काढणं

तिसरा प्रश्न उपचाराचा. त्यात खाटा आणि ऑक्सिजन येतातच, पण त्याच्याही आधी येतं ते आपलं एक जुनं वळण: दुखणं अंगावर काढणं.

हा निव्वळ स्वभाव नाही. रोजंदारीवर जाणाऱ्याचा एक दिवस बुडाला की संध्याकाळची चूल अडते. उसाच्या फडात खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. आधीच उचल घेतलेली असते. बाईला तर आजारी पडायला घरात जागाच नसते. दवाखाना म्हणजे जीपभाडं, तपासण्या, सोबतीला आणखी एकाची मजुरी बुडालेली. या हिशेबात 'आणखी दोन दिवस बघू' हे उत्तर शहाणपणाचंच वाटतं.

कोरोनाने या शहाणपणाचा घात केला. रक्तातला ऑक्सिजन उतरला तरी सुरुवातीला दम लागत नाही. माणूस बोलतो, चहा पितो, आणि यंत्र ८६ दाखवतं. पहिला आठवडा बरा जातो, दुसऱ्या आठवड्यात अचानक ढासळतं. जे पाचव्या-सहाव्या दिवशी तालुक्याला पोचले त्यांना साध्या ऑक्सिजनवर बरं होता आलं. जे दहाव्या दिवशी जिल्ह्याला पोचले त्यांच्यासाठी खाटही नव्हती आणि वेळही उरलेली नव्हती. म्हणूनच तर सहा मिनिटं चालायला लावून पुन्हा ऑक्सिजन मोजायची पद्धत आली. बसल्या जागी ९५ असणारा चालल्यावर ९१ वर येतो, तेव्हा शरीर आधीच उसनं घेऊन भागवत असतं.

थोरल्या भावांनी आठ दिवस अंगावर काढले. दुकान बंद ठेवलं तर उधारी बुडेल आणि लोक वाळीत टाकतील, ही भीती होती. हे धाकट्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना ते स्वतःला दोष देत होते. तो दोष त्यांचा नाही.

"मग प्रतिकारशक्ती वाढवायला काय घ्यावं?"

प्रतिकारशक्तीला शेतावरचा राखणदार समजा. झोपाळू असला तर चोर आत येतो. पण भेदरट असला तर अंधारात आपल्याच माणसांवर काठी चालवतो. कोरोनाच्या दुसऱ्या आठवड्यात कित्येक जण दगावले ते राखणदार बिथरल्यामुळे. स्टेरॉइड त्याचा हात धरतं, म्हणून गंभीर रुग्णाला ते उपयोगी पडतं. तेव्हा राखणदार 'वाढवून' भागत नाही, त्याला चोर ओळखता आला पाहिजे. लस नेमकी तीच ओळख करून देते.

काढा घेतला, हळद-दूध घेतलं, घशाला बरं वाटलं, तर जरूर घ्या. त्याने गंभीर आजार टळतो असा भरवशाचा पुरावा नाही. पुरावा आहे तो साध्या जेवणाचा. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना दरमहा जादा तांदूळ, डाळ आणि जोडीला सूक्ष्मपोषकं दिली, तर त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी घटलं. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. महागडं औषध नाही, मुख्यतः डाळ-भात! मला तरी या विषयावरचा इतका बोलका प्रयोग दुसरा आढळला नाही.

"सगळं परिस्थितीवरच असेल तर माझ्या हातात काय?"

सगळं नाही, पण काही आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या जुन्या उपकेंद्रात, फुकट तपासतात. सकाळी उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त निघाली तर पुन्हा तपासून मधुमेह ठरवतात. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. घरातल्या बाईचं हिमोग्लोबिन तिला वेळ मिळेल तेव्हा नको, आपण तिला घेऊन जाऊन तपासायचं. नवं घर बांधताना, घरकुल असलं तरी, समोरासमोर दोन खिडक्या सोडायच्या. उन्हाळ्यातला आपला कूलर बाहेरची हवा आत ओढतो, तेव्हा त्याच्या समोरची खिडकी उघडी ठेवली तर गारवाही मिळतो आणि हवाही बदलते.

बाकीचं एकट्याच्या हातात नाही, ग्रामसभेत मागायचं आहे. नळाला दिवसाआड पाणी. आजारपणात बुडालेल्या मजुरीची काहीतरी भरपाई. आणि एक छोटी गोष्ट, जी मी शिक्षक म्हणून सांगू शकतो: गावातली सगळ्यात हवेशीर इमारत बहुतेक वेळा शाळाच असते, दोन्ही बाजूंना खिडक्या, उंच छत, पुढं मैदान. २०२० मध्ये बाहेरगावाहून आलेल्यांना शाळांत ठेवलं, पण पाणी, शौचालय, अंथरुणं यांची तयारी नसल्यामुळे लोकांनी तिचा धसका घेतला. ज्यांच्या घरी वेगळी खोली नाही त्यांच्यासाठी ती खोली गावानेच आधीपासून तयार ठेवायची, तर शाळेत दोन चालू शौचालयं, पाण्याची टाकी आणि वीस खाटा एवढंच लागतं. आमच्या शाळेतल्या टाकीची दुरुस्ती अजून व्हायची आहे. येत्या ग्रामसभेत तो विषय मी मांडणार आहे.

गल्लीतल्या त्या गृहस्थांना मी दुसऱ्या दिवशी सकाळी सोबत घेऊन उपकेंद्रात गेलो. सख्ख्या भावाला मधुमेह होता, आणि यांचं स्वतःचं वय पन्नास. त्यांची उपाशीपोटीची साखर ११८ आली. सिस्टरताईंनी कागदावर आकडा आणि तीन महिन्यांनंतरची तारीख लिहून दिली. कागद खिशात ठेवत ते म्हणाले, "वहिनींचीबी तपासता का? आन् आईची?" ताई म्हणाल्या, "उद्या सकाळी घेऊन या. चहा न पिता."